साडेबाराची बोट

साडेबाराची बोट धोपाव्याहून सुटली
की माझ्याकडे वीस मिनिटं.
ती दाभोळला लागणार, दोन ट्रक, एक टमटम,
बाजाराच्या पिशव्या घेऊन उलट फिरणार.
तेवढ्यात शेवंती तिकिटांची खिडकी लोटून
वर घरी येणार, जेवणार, पुन्हा खाली.

आधण आधीच ठेवलंय. मीठ मूठभर.
जिनोव्हाचा चीफ इंजिनिअर
मेसच्या दारात उभा राहून सांगायचा,
पाणी समुद्राइतकं खारट हवं, भंडारी.
मी म्हणायचो, येस सर.
खाडीच्या तोंडाशी जन्मलेल्या माणसाला
हा समुद्राची चव शिकवतोय.

घरी मी पालशेतकर. जहाजांवर बावीस वर्षं
भंडारी, म्हणजे आचारी.

चीफचा पेस्टो म्हणजे तुळशीची परदेशी बहीण,
चिलगोजे, आणि जुनं चीज,
ज्याचं नावसुद्धा दहा मिनिटं चघळावं.
माझ्याकडे कुंपणाचा शेवगा.
फांदी खाली ओढून पाला ओरबाडला,
काड्या निवडायला वेळ नाही
म्हणून कोवळाच तेवढा,
उकळत्या पाण्यात बुडवला, लगेच बाहेर.
चिलगोज्यांच्या जागी ओले काजूगर.
सकाळी सोलले, बोटांना खोबरेल लावून,
तरी अंगठ्याला चीक लागलाच.
चीजच्या जागी जवळा,
तव्यावर कोरडा भाजलेला,
शेजारची मांजर कुंपण ओलांडून आली इतपत.
कैरीची फोड. चार पाकळ्या लसूण.
मिरची.

इथे हात थांबला.
एक की दोन?

कॅप्टनला मिरपूड सोसत नसे, मला पाठ आहे.
सेकंड ऑफिसरला लसणाचा वास नको,
फिलिपिनो पोरांना भाजीतही साखर.
किती माणसांच्या जिभा
अजून माझ्या डोक्यात राहतात.
शेवंतीला तिखट किती लागतं?
वर्षातले तीन महिने घरी असायचो,
तिनं वाढलेलं खायचो,
चांगलं झालंय म्हणायचो.
दोन टाकल्या. मग एक काढली.

वीज सकाळपासून नाही, म्हणून पाटा.
पाला आधी दगडावरून निसटतो, मग धरतो,
मग काजूचं दूध सुटतं
आणि सगळं मऊ हिरवं
वरवंट्याच्या मागे मागे यायला लागतं.
जवळा शेवटी. तो फार वाटायचा नाही,
दाताखाली आला पाहिजे.
वर घाण्याचं खोबरेल, दोन पळ्या.

खाडीपलीकडे भोंगा.
घड्याळ कशाला.
स्पॅगेटीचा एक दोरा दातात धरून बघितला,
मधे सुईएवढा कच्चा. बरोबर.
पाणी ओतलं, हिरवं कालवलं,
आणि पायऱ्यांवर तिच्या चपला.

"ह्ये काय? हिरव्या शेवया?"
"खा तर."

ती बसली नाही. ओट्याला टेकून,
काटा बाजूला सारून, हातानंच.
अर्धा घास तोंडात, अर्धा हनुवटीवर.
जवळा ओळखला. भुवई वर गेली.
पुन्हा एक घास.
मी बघत राहिलो.
ती म्हणाली, "खिडकीशी सुटे पैसे मागणारे
असंच बघतात माझ्याकडं."

धक्क्यावर साखळी खळखळली.
तिनं हात धुतला, ओला हातच पदराला,
उरलेलं डब्यात भरलं.
"इदरूसला चव देते. सकाळपासून
नुसत्या चहावर बोट हाकतोय."

अर्ध्या पायऱ्या उतरून वळली.
"मिरची अजून एक चालते मला.
आणि मीठ कमी.
समुद्र बाहेर हाय तेवढा पुरे."

पाटा धुतला.
हिरवं पाणी शेवग्याच्याच मुळाशी टाकलं.
अंगठा चुरचुरत होता.
उद्या दोन मिरच्या.